इंजिनघराचा दरवाजा

बाळाराम, भांडणात तू कधी हरायचा नाहीस, आणि हरलास तो नेमका शेवटच्या आठवड्यात, दवाखान्याच्या खाटेवर. नाकात नळी, हाताला सलाईन. मी शेजारच्या लोखंडी स्टुलावर. तुला जरा तरतरी यावी म्हणून मी आपलं जुनंच भांडण उकरून काढलं. "काय वाट्टेल ते बोल बाळाराम, इंजिनघराचा दरवाजा काठाकडंच होता."

यावर तू उसळायला हवं होतंस. "दाजी, त्या दरवाजात बसून मी भाकरी खाल्लीय. आमच्याच इंजिनघराचा दरवाजा मला सांगता?" हे तुझं ठरलेलं उत्तर. त्या दिवशी तू पंख्याकडे बघत राहिलास आणि हळूच म्हणालास, "बरं दाजी. काठाकडंच होता."

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. सलाईन बदलायला आलेल्या सिस्टरला सांगितलं, "बघा, पाच वर्षांचं भांडण आज जिंकलो." ती म्हणाली, "काका, आवाज कमी." जिंकल्याच्या खुशीत मी खाली जाऊन वडापाव खाल्ला. दुसरा घेतला, आणि पहिला घास तोंडात असतानाच कळलं की तू का मानलंस. उरलेला वडापाव तसाच कागदात गुंडाळला.

तिसऱ्या दिवशी तू गेलास. आता भांडायला तू नाहीस. निकाल माझ्या बाजूनं लागलाय, आणि तो खोटा आहे हे पक्कं ठाऊक असलेला मी एकटाच मागे राहिलोय.

आता हे नीट सांगायचं तर वाचणाऱ्यांना आधी तुझं इंजिनघर दाखवायला हवं. कुळगावच्या पलीकडे, नदीच्या वळणावर तुझ्या वडिलांचं भाजीचं शेत होतं. काठाला लागूनच डिझेल इंजिनाची खोली. दगडी भिंती, एक दरवाजा, एक खिडकी, वर सिमेंटचा स्लॅब, आणि स्लॅबला धुराच्या पाइपचं भोक. तू सहावीत असताना खाली कुठंतरी बांध झाला, पाणी मागं चढलं आणि शेत नदीत गेलं. इंजिन तुम्ही बैलगाडीत घालून आणलंत. खोली कशी आणणार? ती राहिली तिथंच. नदी एवढी रुंदावली की काठाची खोली मधोमध आली. पावसाळ्यात वर दोन पुरुष पाणी. मे महिन्यात मात्र स्लॅबवर जेमतेम कमरेएवढं.

बाकीच्यांना ती नदीतली कटकट. जाळी फाटायची, गळ अडकायचे, म्हणून तिकडे कुणी फिरकायचं नाही. आणि कुणी फिरकायचं नाही म्हणून मासा तिथंच राहायचा. "दाजी, माशाला पण घर लागतं," तू म्हणायचास. "आम्ही खाली केलं, तो राहाया आला." खिडकीत वाम, बुडालेल्या उंबराच्या खोडाशी शिंगाळा, स्लॅबच्या सावलीत मरळ. घरमालकानं भाडेकरूंबद्दल बोलावं तसं तू त्यांच्याबद्दल बोलायचास. "खिडकीवाली आज घरात नाय." "सावलीतलीला पोरं झाल्यात, तिला आता महिनाभर हात लावायचा नाय." आणि खरोखर लावायचा नाहीस. लालसर पिल्लांचा झुबका वर दिसला की तू गळ गुंडाळून दुसरीकडे वल्हवायचास. मी हळहळायचो. केवढी मोठी मरळ! तू म्हणायचास, "दाजी, बाळंतिणीच्या दारात भांडं घेऊन उभं राहायचं का?"

आणि या सगळ्यात मी कोण? जावई. विठ्ठलवाडीहून रविवारी येणारा, अंबरनाथच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा, तुझ्या ताईचा नवरा. तुझ्या आईचा नियम होता की जावयाला कामाला लावायचं नाही. त्यामुळे ट्रकच्या दोन ट्यूबा आणि वर बांधलेल्या फळ्या अशा तुझ्या त्या तराफ्यावर मी गणपतीसारखा मधोमध मांडी घालून बसायचो. वल्हं तुझ्या हातात, गळ तुझ्या हातात, घाम तुझा. मासा लागला की ओरडायचं काम तेवढं माझ्याकडे. "दाजी, हालू नका" एवढीच काय ती तुझी मला सूचना. चुकलो तरी तू कधी रागावायचा नाहीस. जावयाला कोण रागावणार?

रागावण्याचा अधिकार तुला आयुष्यात एकदाच मिळाला होता, माझ्या लग्नात. कानपिळीला तू समोर आलास. पोरं ओरडत होती, "पिळ बाळ्या, जोरात पिळ!" तू कानाला नुसतं बोट लावलंस, शर्टपीस घेतलंस आणि बाजूला झालास. तुझी आत्या करवादली, "मेल्या, एवढा एकच तर हक्क असतो मेहुण्याचा!" तू म्हणालास, "ऱ्हाऊ दे. पुढं कवा लागला तर वापरीन."

तो लागेल अशी सोय मी पुढे वेळोवेळी करत गेलो. कॅम्प एकच्या सिंधी बाजारातून मी तो चकचकीत रॉड आणला, आठवतो? दुकानदार म्हणाला होता, "साईं, ले जाओ. मछली खुद पूछेगी, कौन साहब आया है." पहिल्याच रविवारी मी तो असा झोकात फिरवला की दांडा माझ्या हातात राहिला आणि बाकीचा रॉड नदीत. तू पोहून आणलास, काथ्यानं बांधून दिलास, हसला नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर हसलो असतो.

आणि ती खूण! पाण्याखालचं इंजिनघर वरून दिसत नाही. ते सापडायचं काठावरच्या खुणांवर. गावदेवीचा कळस आणि मागचा ताड एका ओळीत आणायचा, दुसरीकडे विजेचा खांब आणि चंदेरीच्या डोंगराची खाच एका ओळीत. दोन ओळी जिथे एकमेकींना छेदतील तिथे खाली स्लॅब. एका रविवारी मी म्हटलं, तुझ्या खुणा अवघड आहेत, मी माझी सोपी खूण धरतो. धरली. पुढच्या रविवारी अर्धा तास नदीत गरगर फिरलो. तू शांतपणे विचारलंस, "दाजी, खूण कोनती धरलीत?" मी म्हटलं, "तो काठावरचा पिवळा जेसीबी." इमारतीचा पाया खणून झाला होता. जेसीबी गेला होता बदलापूर स्टेशनच्या पलीकडे दुसरा पाया खणायला. तू वल्हं मांडीवर ठेवलंस, तोंड फिरवलंस, आणि तुझे खांदे हलताना मला मागून दिसले.

असे माझ्या मूर्खपणाचे किस्से मी स्वतःच सगळीकडे सांगत आलो. लग्नात, बारशात, कारखान्याच्या कँटीनमध्ये. लोक हसतात, मला बरं वाटतं. पण सगळ्यात गाजलेला किस्सा इंजिनघरानं जावयाची पँट ठेवून घेतली, तो. तो मी किती वेळा सांगितला असेन! तूही शेजारी बसून ऐकायचास आणि हसायचास.

लोकांना ठाऊक असलेला किस्सा असा. दोन हजार चारचा मे. माझ्या रॉडचा प्लास्टिकचा मासा स्लॅबशी कुठेतरी अडकला. तू म्हणालास, तोडून टाका. मी म्हटलं, नवा आहे. तू म्हणालास, मी काढतो, तुम्ही हालू नका. मी हाललो. तराफ्यावरून उतरून स्लॅबवर उभा राहिलो, कमरेएवढ्या पाण्यात, भर नदीच्या मध्यावर. काठावर कपडे धुणाऱ्या बायकांना वाटलं असणार, हा माणूस पाण्यावर उभा आहे. मी त्यांना हात केला. कमरेवर हात ठेवून एक पाऊल टाकलं आणि डावा पाय धुराच्या भोकातून खाली. मांडीपर्यंत. मग ओढाताण, बोंबाबोंब, आणि शेवटी पाय सुटला पण हाफपँट आतल्या गजांना लटकून राहिली. जावई सासुरवाडीच्या काठावर उतरला तो फक्त चड्डीवर. "अजून तिथं एखादी मरळ माझी पँट घालून हिंडत असेल," हे शेवटचं वाक्य. हशा. टाळी.

बाळाराम, किस्सा खोटा नाही. फक्त मधला भाग त्यात नाही. ओढाताण आणि पाय सुटणं यांच्या मधला.

त्या भोकाचे गज गंजून खाली वाकलेले होते. मासे धरायचा बांबूचा सापळा असतो तसं झालं होतं. आत जाताना वाट देतो, बाहेर निघताना काड्या अंगात रुततात. मी जितका ओढत होतो तितकं ते धरत होतं. एक पाय खाली, दुसरा गुडघ्यात मुडपलेला, आणि कमरेएवढं पाणी आता बसल्या जागी छातीशी. सुरुवातीला मी विनोदही केला. मग तू नदीच्या वरच्या अंगाला बघितलंस आणि मीही बघितलं. वरच्या वीजघरातलं पाणी दुपारनंतर सुटायचं. तू सकाळपासून तीनदा सांगितलं होतंस, "पाणी यायच्या आत निघायचं." मीच म्हणत होतो, अजून पाचच मिनिटं.

पाणी गढूळ व्हायला लागलं. वाळलेली पानं वाहत आली. छातीवरून काखेत, काखेतून खांद्यावर. ओरड्यानं बायका कपडे टाकून गावाकडे पळाल्या, माणसं आणायला. तू तीन बुड्या मारल्यास. वरून गज वाकेनात. तिसऱ्यांदा वर आलास तेव्हा तुझी बोटं फाटली होती. मी तुझी मान धरून ठेवली होती. सोडतच नव्हतो, तुला श्वाससुद्धा घेता येईना. तेव्हा तू आयुष्यात पहिल्यांदा मला "अरे" म्हणालास. "अरे सोड! सोड मला, तरच तुला सोडवीन!"

मी सोडलं. तू माझं तोंड दोन्ही हातांत धरलंस आणि परत मेहुणा झालास. "दाजी, ऐका. मी दरवाजातून आत जातो. इंजिनाच्या कट्ट्यावर चढून तुमचा पाय खालनं वर ढकलतो. पाय ढिला सोडा. सुटलात का ट्यूब धरा आणि इथंच थांबा. दरवाजा धारेकडं हाय. मी निघंन तवा माझ्यात दम नसंल, मला ट्यूब लागंल. इथंच थांबा."

"थांबतो," मी म्हणालो.

तू खाली गेलास. पाणी माझ्या हनुवटीला. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग त्या काळोख्या खोलीत, पाण्याखाली, तुझे हात माझ्या तळपायाला लागले. लग्नात माझे पाय धुतले होते तुझ्या वडिलांनी, तू पाणी ओतत होतास. हा स्पर्श तसाच होता. सावकाश, अंदाज घेणारा. पँटचं कापड फाडून तू पाय मोकळा केलास, गज एका बाजूला दाबून धरलास आणि खालून रेटा दिलास. पाय सुटला.

मी तराफ्याची ट्यूब काखेत धरली आणि लाथा मारत काठाकडे निघालो.

एवढंच आहे ते. पाच वर्षं जे मी सांगितलं नाही ते एवढंच. मागे बघितलं नाही. पायाखाली चिखल लागला तेव्हा बघितलं. नदीच्या मधोमध काहीच नव्हतं. पानं वाहत होती. मी तुझं नाव घेऊन ओरडलोसुद्धा नाही. ट्यूब माझ्या काखेत होती.

तू वर आलास तो खूप खाली, वळणापाशी. एक डोकं, मग एक हात, मग परत काही नाही, मग काठाच्या करवंदीत धडपडणारं काहीतरी. तिथून तू चालत आलास. ओठ निळे पडले होते. मी शब्द जुळवत उभा होतो. तू जवळ आलास, वाकून माझा पाय बघितलास आणि विचारलंस, "दाजी, लागलं का?" आणि तराफ्यावरचा, तुझा डोक्याला बांधायचा पंचा मला नेसायला दिलास.

तेवढ्यात गावातली माणसं धावत आली. मला पंचा नेसलेला बघून कुणीतरी हसलं. मी ती संधी साधली बाळाराम. "काय सांगू," म्हटलं, "तुमच्या इंजिनघरानं जावयाची पँट ठेवून घेतली!" सगळे खो खो हसले. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. मग तूही हसलास. त्या हसण्यात मी अडकलो तो अजून आहे.

त्यानंतर महिनाभर मी आलोच नाही. ताईला सांगितलं, कारखान्यात स्टॉक मोजायचाय. शेवटी तूच फोन केलास. "दाजी, पाणी चढायच्या आत एकदा या. मरळ विचारती तुम्हाला." आलो. ट्यूबवर नेहमीप्रमाणे मांडी घालून बसलो. स्लॅबपाशी आल्यावर तू हिरवी नायलॉनची दोरी काढलीस. एक टोक तुझ्या घोट्याला. दुसऱ्या टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, हाताला रुतू नये म्हणून. ते टोक माझ्या हातात दिलंस. "दाजी, मी खिडकीतले गळ सोडवाया जातो. दोरी तुम्ही धरा. मी एक झटका दिला म्हंजे मी हाय. तुम्ही पण एक द्यायचा, म्हंजे तुम्ही हाव. दोन दिले तर वढायचं."

तुझी आई काठावर होती. ओरडली, "बाळ्या, जावयाला कामाला लावतोस?" तू म्हणालास, "हे कामच त्यांचं हाय."

पाच वर्षं मी ती दोरी धरली. दोन हजार पाचच्या पुरात काठावरचा ताड गेला, अर्ध्या खोलीत वाळू भरली, समोर सात मजल्यांची इमारत आली आणि डोंगराची खाच झाकली गेली. तू नव्या खुणा बसवल्यास. दोरी तीच राहिली. मी बाहेर सांगायचो, मेहुण्यानं मला दावणीला बांधलंय. लोक हसायचे. मी मात्र दर रविवारी एकच विचार करत असायचो. ही दोरी तू मला का दिलीस? परत पळेल म्हणून, की परत पळणार नाही म्हणून? खालून एक झटका यायचा. मी एक झटका द्यायचो. विचारलं कधी नाही.

त्याऐवजी मी दरवाजावरून भांडायचो. मला वाटायचं मी गंमत करतोय. आता स्वच्छ दिसतं. दरवाजा काठाकडं असता, तर काठाकडे ट्यूब नेणारा मी पळपुटा ठरत नव्हतो. तुला घ्यायला योग्य बाजूला गेलेला दाजी ठरत होतो. पाच वर्षं मी तुझ्या बापाच्या इंजिनघराचा दरवाजा ओढून माझ्या बाजूला आणायचा प्रयत्न करत होतो. तू म्हणायचास, "पाइप नदीत सोडायचा, तर बाप नदीकडं पाठ करून दरवाजा ठेवंल का?" मी म्हणायचो, ठेवला असेल. किती चिवट होतो मी!

आणि तुला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून शेवटी, दम नसताना, तू तो दरवाजा माझ्यासाठी उचलून काठाकडं लावून दिलास.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. मी मनात वाक्य तयार करून गेलो होतो. कावळा शिवत नाही तेव्हा घरची माणसं एकेक पुढे होऊन काहीबाही कबूल करतात. मला वाटलं, तू नक्की अडून बसशील. मग लोक म्हणतील, दाजी, तुम्ही बोला, तुमचा जीव होता त्याच्यावर. आणि मी बोलेन. पिंड ठेवून माणसं चार पावलं मागं सरली नाहीत तोच कावळा आला आणि खाऊन गेला. धाकटे काका म्हणाले, "कशातच जीव अडकला नव्हता पोराचा." सगळ्यांनी हात जोडले. मी तोंड उघडून तसाच उभा.

तेराव्याला जेवणं झाली. अंगणात सगळे बसले होते, सुन्न. काका मला म्हणाले, "दाजी, तो पँटचा किस्सा सांगा. बाळ्या लय हसायचा त्याला. जरा मोकळं वाटंल पोरींना." तुझी बायको मीना दारात उभी होती. ताई तिच्या शेजारी. मी सुरू केलं. रॉड, प्लास्टिकचा मासा, बायकांना केलेला हात. मीनासुद्धा किंचित हसली. पाय भोकात गेला. आता इथून पँटवर उडी मारायची, ती वाट मला पाठ आहे. मी मारली नाही. मी सगळं सांगितलं. "थांबतो" म्हणालो तेही. काखेतली ट्यूबही, दरवाजाचं भांडणही.

मग मीना म्हणाली, "मला बोलले, काठावरून पाय घसरला. दोन दिवस छाती दुखत होती त्यांची. मी सुंठ लावत होते." एवढंच म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. काका उठून गेले.

विठ्ठलवाडीला घरी आल्यावर मी बूट काढत होतो तेव्हा तुझी ताई म्हणाली, "माझा भाऊ बुडत होता आणि तुम्ही मला त्याच्यावर पाच वर्षं हसवलंत." त्यानंतर बोलणं बंद. ताट येतं, चहा येतो, इस्त्रीचे कपडे येतात. शब्द येत नाही. घरात दोनच खोल्या, बाळाराम, मी जाणार कुठे? मी या तोंडावर आयुष्यभर जगलो. आता हे तोंड घेऊन बसलोय आणि समोर ऐकणारं कुणी नाही. कानपिळीचा हक्क तू वापरला नाहीस. तो बहुतेक तिच्याकडे आला, आणि ती न बोलता पिळते आहे. बरोबर करते आहे.

रविवारी पहाटे उठलो तर दाराशी तुझी मासेमारीची पिशवी होती. मीनानं कुणाकडून तरी पाठवलेली. वरच हिरवी दोरी. चिंधी स्वच्छ धुतलेली. ताई चप्पल घालून दारात उभी होती. मी निघालो, ती मागून चार पावलं अंतर ठेवून आली. बदलापूरपर्यंत तशीच, आणि पुढे रिक्षात पदर तोंडावर घेऊन. काठावर आल्यावर ती कपडे धुवायच्या दगडावर बसली.

तराफा एकट्यानं हाकायची माझी पहिलीच वेळ. दोनदा गोल फिरलो, एकदा वल्हं पाण्यात पडलं. जावयाला कामाला लावलं नाही की असं होतं. तुझ्या नव्या खुणा धरल्या, पाण्याची टाकी आणि देवळाचा कळस, खांब आणि इमारतीचा कोपरा. बांबूनं चाचपत गेलो. ठक्. स्लॅब.

दोरीच्या टोकाला दगड बांधला आणि काठाच्या बाजूनं खाली सोडला. झोका दिला. दगड भिंतीवर आपटला. हातभर सरकून परत. भिंत. आणखी सरकून परत. भिंत. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नुसती भिंत. दर ठोक्याला दोरीतून तळहातात कळत होतं.

मग तराफा पलीकडे घेतला. धार तिथे ओढते. एका हातानं बांबू रोवून धरला, दगड सोडला, झोका दिला. आपटला नाही. दोरी सरळ आत गेली. वाळूच्या वर, चौकटीतून, आत.

"अहो!" काठावरून हाक आली. नऊ दिवसांत पहिली. "सापडला का?"

"सापडला!" मी ओरडलो. कपडे धुणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. "धारेकडंच आहे! बाळाराम बोलतो तसाच, धारेकडं!"

ती दगडावरून उठून उभी राहिली, पदर खोचला, आणि नदीच्या वरच्या अंगाला बघायला लागली. तूही असाच बघायचास.

दोरी काढायला गेलो तर आत कशालातरी गुंतली होती, येईना. पाणी गढूळ व्हायला लागलं होतं, पहिली पानं वाहत आली. मी चिंधीचं टोक मनगटाला गुंडाळून घेतलं आणि ट्यूबवर बसून राहिलो.

मग एकच झटका दिला.